शेवंतीचं वाडगं

राधाकिसनने शेवंती घोडीच्या वाडग्याला तिसरं कुंपण घातलं, तेव्हा त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने, हसू लपवायला तोंडाला पदर लावला. पहिलं बोरीच्या काट्यांचं होतं. शेजारच्या अण्णासाहेबांची कुत्री त्याच्या खालून शिरली. दुसरं भोकरदनहून आणलेल्या तारेच्या जाळीचं. कुत्र्यांनी कोपऱ्यात माती उकरली. आता जाळीच्या बुडाला दगड रचून राधाकिसन मिशी पुसत उभा होता, जणू देवगिरीचा किल्लाच बांधला.

"आता मुंगी शिरली तर नाव बदलीन," तो म्हणाला.

"काय ठेवता मंग? आधीच इचारून ठेवते," सुगंधाबाई म्हणाली.

थट्टा करत असली तरी काळजी तिलाही होती. शेवंती गाभण होती, दिवस भरत आले होते. मागच्या आठवड्यात कुत्र्यांनी वाडगाभर पळवली तेव्हा ती गुडघ्यांवर पडली. आणखी एकदा अशी पडली तर शिंगरू हाती लागणार नाही, असं डॉक्टर सांगून गेला होता.

अण्णासाहेब बोलायला गेलं की हसायचे. "आमची कुत्री पिशवीतलं विकतचं खातात, राधाकिसनराव. तुमच्या घोडीत त्यांना काय गोडी?" त्यावर राधाकिसनने राजूरच्या पारावर, चार माणसांत, त्यांच्या फाटकाशी पुन्हा पाय ठेवणार नाही असं सांगून टाकलं होतं. सुगंधाबाईच्या मते दोघांत मिळून एका माणसापुरती अक्कल होती, आणि तीही दोघं आळीपाळीने वापरत.

दुसऱ्या दिवशी भिजवलेल्या हरभऱ्यांची बादली घेऊन ती वाडग्यावर आली. राधाकिसन न्याहरी उरकून विहिरीकडे गेला होता. कोपऱ्यातला दगड बाजूला सरकला होता, त्याखालून दोन्ही कुत्री आत आली होती आणि शेवंती कान मागे टाकून जाळीला चिकटली होती. बाईने बादली आपटली. कुत्री निघाली, पण सावकाश. मोठ्याच्या तोंडात भाकरीचा तुकडा होता.

तिची भाकरी. कडेला बोटांचे ठसे असलेली.

तिला सगळं कळलं. राधाकिसनच्या घरात मेंढरं होती तेव्हापासून पहिला घास कुत्र्याचा. मागे न बघता खांद्यावरून टाकायचा, घास मोजल्यासारखं होऊ नये म्हणून. मेंढरं गेली, घरचं म्हातारं कुत्रंही पोळ्याला मेलं, पण हा माणूस रोज घोडीजवळ बसून त्याच कोपऱ्यात घास टाकत होता.

ती विहिरीवर गेली. "तीन कुंपणं घातली अन् रोज सकाळी पाव्हण्यांना जेवायला बोलावून राह्यले तुमी."

त्याने पोहरा वर ओढून काठावर ठेवला.

"घास सोडणं जमणार न्हाई," तो म्हणाला. "बापानं सोडला न्हाई."

"सोडा कोण म्हणतंय? ज्यांच्या पोटात जातो त्यांच्या दारात टाका."

"अण्णाच्या फाटकाशी? चार माणसांत बोललोय मी."

"मंग ती चार माणसं बोलवा शेवंतीचं बाळंतपण करायला."

दुसऱ्या दिवशी राधाकिसन भाकरी फडक्यात बांधून अण्णासाहेबांच्या फाटकाबाहेर जाऊन बसला. सुगंधाबाई बांधावरून बघत होती. अण्णासाहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"का हो, घरच्यांनी काढलं का?"

राधाकिसनने फडकं सोडलं. पहिला घास मोडला आणि खांद्यावरून मागे, फाटकाच्या आत टाकला. दोन्ही कुत्री त्यावर तुटून पडली.

"आमची खात न्हाईत असलं," अण्णासाहेब म्हणाले.

मागे भाकरी मचमच चावली जात होती. राधाकिसनने रीत पाळली, वळून बघितलं नाही. अण्णासाहेबांना मात्र बघावं लागलं.

कुत्री नंतर वाडग्याकडे फिरकली नाहीत. शेवंती व्याली त्या सकाळी शिंगरू उठून आईला लुचेपर्यंत सुगंधाबाई जागची हलली नाही. राधाकिसन तिथं नव्हता. तो शेजारच्या फाटकाशी न्याहरीला बसला होता, आणि आताशा त्याला चहाही मिळत होता.