खालच्या गुहेतल्या दोन वळकट्या

इसालूच्या डोंगरात बाई कुठेही नांदो, तिची हाडं शेवटी माहेरच्या गुहेत जातात. रेमांझाला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि चाळीस वर्षांच्या संसारात त्याने त्याविरुद्ध कधी अवाक्षर काढलं नव्हतं. बायको गेल्यावर मात्र ही रीत त्याच्या घशाखाली उतरेना.

सुआवेलूला जाऊन चार वर्षं झाली होती. मांस झडेपर्यंत मयत घळीतल्या खालच्या गुहेत ठेवायचं आणि मग हाडं वर, कड्यातल्या घराण्याच्या गुहेत न्यायची. आता ती वेळ आली होती. रेमांझाने मेहुण्याला, लाहिफुत्सीला, दोनदा जाऊन विनवलं, की तिला माझ्या घराण्यात राहू दे, मीही आज ना उद्या तिथेच येणार. लाहिफुत्सीने त्याला पोटभर भात आणि बैलाचं मांस वाढलं आणि दोन्ही वेळा नाही म्हटलं. माणूस सभ्य होता, नकार देताना त्याने वाढण्यात हात आखडला नाही.

मग रेमांझाच्या डोक्यात भलतंच शिरलं. सुआवेलू गेली तेव्हा लाहिफुत्सी गुरं घेऊन लांबच्या बाजाराला गेला होता. खालच्या गुहेत तिच्याशेजारी रेमांझाची अकरा वर्षांपूर्वी गेलेली थोरली बहीण वुला होती. दोघी चटईत गुंडाळलेल्या, आणि त्या कोरड्या हवेत चटई अकरा वर्षांची काय नि चार वर्षांची काय, सारखीच दिसते. कोणती वळकटी कुणाची, हे सांगणारा तो एकटाच उरला होता.

वुलाला इतकी वर्षं कुणी वर नेलंच नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, मग मागे लागणार कोण? आई मेल्यावर रेमांझाला तिनेच कसाव्याचे कंद भरवून वाढवलं. तरी हाडं वर नेताना जो बैल कापावा लागतो, त्याची वेळ आली की तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू.

हिवाळ्यातल्या एका सकाळी लाहिफुत्सी आपल्या तीन मुलांना घेऊन घळीत उतरला, मागे रेमांझा. वर माळावर जळकं गवत आणि कोरडं ऊन, खाली ओढ्याचं पाणी पायांना झोंबणारं. दगड वाळूचा, हाताशी भुगा होऊन सुटणारा, म्हणून सगळे जपून चढले. गुहेच्या तोंडाशी लाहिफुत्सी थांबला.

"दाजी, आमची कुठली?"

मेलेल्याकडे सरळ बोट करायचं नसतं. रेमांझाने बोट मुडपलं आणि वुलाची वळकटी दाखवली.

लाहिफुत्सीने दारू शिंपडली आणि वळकटी मांडीवर घेतली.

"ताई, उशीर झाला गं. तू गेलीस ते मला वाटेत कळलं. राग धरू नकोस. चल, आईशेजारी तुझी जागा केलीय."

एवढं बोलून तो साठीचा गडी ढसाढसा रडला. रेमांझा ऐकत राहिला. वुलाशी इतकं गोड कुणी कधी बोललं नव्हतं, त्यानेही नाही. त्याला स्वतःची शरम वाटली. जिने भरवलं तिला आपण परक्यांच्या घरात ढकलतोय.

"ती नव्हे," तो म्हणाला. "ती माझी वुला. तुझी ताई पलीकडची आहे."

लाहिफुत्सीचा थोरला मुलगा हातातली काठी घेऊन पुढे आला. बापाने त्याला नजरेनेच मागे सारलं. मग डोळे पुसून त्याने मांडीवरली वळकटी आणखी जवळ घेतली.

"दारू शिंपडून हाक मारली, दाजी. ताई म्हणून बोलावलेल्या बाईला आता इथे टाकून जाऊ? पूर्वजांना तोंड कुठलं दाखवू? ही आमची झाली."

"आणि सुआवेलू?"

"ती आमची होतीच."

लाहिफुत्सी आणि मुलं कड्यावर चढली. वळकट्या वर ओढताना खालून दोरी ताणून धरायला भरवशाचा माणूस लागतो. रेमांझानेच ती धरली, आधी वुलासाठी, मग सुआवेलूसाठी.

वरून लाहिफुत्सीने हाक दिली. "दाजी, दोघींना शेजारी ठेवतो. चालेल ना?"

त्या दोघींचं जिवंतपणी एक दिवस पटलं नव्हतं. रेमांझाने हो म्हटलं आणि दोरी सोडली.