ओढ्याकाठचा दगड

"दगड कुणी उचलला?" थोरली ओढ्यावरून ओरडली, तशी मी खुरपं टाकून बांधावर धावले. मला वाटलं साप निघाला.

तिथं नुसता खड्डा होता. ओली काळी माती, वळवळणारी गांडुळं आणि कडेनं पहारीच्या खुणा.

थोरली म्हणजे शेजारच्या घरची थोरली सून. आमचा बांध त्यांच्या बांधाला लागून, म्हणून मी रोज बघायचे. दुपारचं निंदून झालं की थोरली त्या सपाट दगडावर बसायची, पाण्यात पाय सोडून. घटकाभरच. पाण्यावरून वाळकी पानं जायची, एखादं पाखरू शेपटी हलवत काठाकाठानं फिरायचं आणि ही बघत राहायची. मी एकदा विचारलं, "एवढा कसला विचार करतेस गं?"

"कसलाच नाही," ती म्हणाली. "इथं मला कुणी हाक मारत नाही."

खोटं नव्हतं ते. नऊ माणसांचं घर. उजाडलं की आई इकडे, वहिनी तिकडे, सूनबाई कुठं गेली. टॉवेल डोळ्यांसमोर लटकत असला तरी विचारायचा हिलाच.

दगड नेला होता तिच्या धाकट्या दिरानं. सारखं "उरका, उरका" करतो म्हणून सगळे त्याला उरक्याच म्हणतात. घराचं जोतं उंच झालं, दाराला पायरी हवी, म्हणून या बहाद्दरानं सकाळीच चार माणसं लावून दगड गाडीत घातला आणि सिमेंट ओतून दारात बसवलासुद्धा.

"मला विचारायचं तरी, भावजी." थोरलीनं त्याला दारातच गाठलं, मागोमाग मी.

"दगड न्यायला कसलं विचारायचं? रिकामाच पडला होता."

"रिकामा? मी बसत होते त्याच्यावर."

"बसायला वेळ मिळतो, म्हणजे कामं कमी पडतात तुम्हाला!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर तो चोर, वर शिरजोर! तिचा नवरा तिथंच होता, मूग गिळून. तोंड उघडलं ते कशाला, तर "जाऊ दे गं, दगडच तो" म्हणायला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

दुसऱ्या दिवशी निंदून झाल्यावर थोरली ओढ्याकडे वळलीच नाही. तडक घरी आली आणि पायरीच्या मधोमध बसली. पाठ घराकडे, पाय रस्त्यावर.

आतून सासऱ्यांनी हाक मारली. मग जावेनं मारली. थोरली समोरच्या कुंपणावरचा सरडा बघत बसली. तेवढ्यात उरक्या पाठीवर खताचं पोतं घेऊन आला.

"वहिनी, सरका."

थोरलीची नजर सरड्यावरच.

"अहो, पाठ मोडतेय माझी! उरका की!"

"माझं झालं की उठते."

पोतं खाली टाकता येईना, आत नेता येईना. मला हसू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही.

मग रोज तेच. गरम वारा सुटायचा, तोंडावर धूळ यायची, ही हलायची नाही. घराला दार एकच. सासरे आत अडकायचे, जावेची धुण्याची बादली दारात अडायची. उरक्यानं आरडाओरडा केला, गोडीनं सांगून पाहिलं, शेवटी म्हणाला, "ओढ्यावर दुसरा दगड टाकून देतो, चांगला मोठा!"

"मग तो लावा दाराला!" थोरली कडाडली. इतक्या मोठ्यानं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "या घरात आले तेव्हापासून 'आले, आले' म्हणत पळतेय मी. एवढा एक दगड माझा होता, तोही पायाखाली घातलात! लाज नाही वाटली?"

मग तिचा नवरा उठला आणि कोपऱ्यातली पहार घेऊन आला.

"चल रे," तो भावाला म्हणाला, "हात लाव."

दगड परत आला. कडेला सिमेंट चिकटलं होतं, ते थोरलीनं खुरप्यानं खरवडून काढलं आणि बसली. उरक्या काठावर घाम पुसत उभा होता.

"वहिनी, हलत नाही ना?"

थोरलीनं पाण्यात पाय सोडले.

"अहो वहिनी! नीट बसलाय का, तेवढं तरी सांगा!"

ती वाहणारं पान बघत होती.

"वहिनी!"

"उगाच ओरडू नकोस," मी म्हणाले. "ती घरी नाही."