मधल्या पट्ट्यातला सापळा आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, बर्फावरच्या हॉकीची. माझ्या पांढऱ्या अंगावर खेळाचं रिंगण छापलेलं आहे, त्यावर पेनाने डाव आखायचे. सालमिवाराच्या मुलींच्या संघात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि खरं सांगते, फार वैतागात गेली.

हिल्का आमची प्रशिक्षक. तिचा एकच धडा: समोरच्या संघाच्या पाचजणी रिंगणाच्या मधल्या पट्ट्यात सापळा लावून भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, की चकती, म्हणजे आमचा चेंडूच, घेऊन त्यांच्यात शिरायचं नाही. ती रिंगणाच्या कठड्यावर आपटून त्यांच्या पाठीमागे टाकायची आणि धावत सुटायचं. एवढी साधी गोष्ट! त्यासाठी हिल्काने माझ्यावर किती बाण काढले असतील! पण ईरिसच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ. ईरिस संघातली सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हट्टी. हिल्का बाण काढायची, ही खिडकीबाहेर बघायची.

हिवाळा सरता सरता कोस्केलाशी सामना आला. बरोबरी साधली तरी आम्ही वरच्या गटात टिकणार होतो. हरलो, तर संघ मोडून मुलींना त्याच कोस्केलात खेळायला पाठवायचं ठरलं होतं.

कोस्केलाने सापळा लावला. ईरिस त्यात शिरली, चकती गेली. पुन्हा शिरली, पुन्हा गेली. आणि त्यानंतर गेली ती थेट आमच्या गोलात.

मध्यंतरात हिल्काने मला बाकावर आदळलं. "अगं, किती वेळा सांगू? त्यांच्या मागे टाक!"

"म्हणजे चकती फुकट देऊन टाकू?" ईरिस फणकारली.

"मग आत्ता काय, विकत देत होतीस?" बचावातली त्यूने बुटाची नाडी आवळत म्हणाली.

हिल्काने ओरडणं आवरलं. ती ईरिससमोर बसली. मग तिने पेनच ईरिसपुढे धरलं. "समज, तू कोस्केलाची आहेस. ईरिस येताना दिसली, तर तुम्ही पाचजणी कुठे उभ्या राहाल?"

गाल फुगवून ईरिसने माझ्यावर फुल्या काढल्या. सगळ्या स्वतःभोवती. मग तिचा हात थांबला.

"पलीकडची बाजू मोकळीच आहे की!"

"मग?"

"मी शिरायला जाते. सगळ्या माझ्याकडे सरकतील. मी मागे त्यूनेला देते. ती लगेच पलीकडे धाडेल, त्या परत फिरायच्या आत."

"जमेल?" हिल्काने त्यूनेला विचारलं.

"ही चकती सोडणार असेल, तर जमेल."

खेळ सुरू झाला आणि ही बया पहिल्याच फेरीला एकटी घुसली! मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण मला ते नाही. पुढच्या वेळी मात्र तिने चकती मागे दिली. त्यूनेने ती पलीकडे फेकली, आणि मोकळ्या बाजूने धावलेल्या मुलीने गोल केला. बरोबरी! उरलेला वेळ ईरिस चकती कोस्केलाच्या कोपऱ्यात टाकत राहिली आणि तिच्यामागे जीव खाऊन धावत राहिली. भोंगा वाजेपर्यंत ती थांबली नाही. संघ वाचला.

आनंदाच्या भरात सगळ्यांनी उड्या मारल्या, त्याही बाकावरून खाली पडलेल्या माझ्यावर. कुणाच्या तरी बुटाच्या पात्याने मला आरपार तडा गेला. कुणाचं लक्ष असेल तर ना!

आता हिल्काकडे बाण काढायला संगणकाचा चकचकीत पडदा आहे, आणि मी उपाहारगृहात तबक होऊन वेलदोड्याचे पाव वाहते. मित्रांनो, हट्टी मुलीवर घसा फोडण्याआधी पेन तिच्या हाती देऊन बघा. पाटी ओल्या फडक्याने पुसा, पायदळी टाकू नका. आणि हात जोडते, गरम कॉफीचे पेले तरी दुसऱ्या कशावर ठेवा!