येस

"'जास' नका म्हनू! 'येस' म्हना!"

धनुबाई ओट्यावरून ओरडल्या, तोवर नवल सायकलवर टांग टाकून गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. त्याने मागे न बघता हात हलवला, घंटी दोनदा वाजवली आणि वळलासुद्धा. मी मागे राहिलो होतो, कारण हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसत नव्हता. धनुबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांच्या नवऱ्याला पळवून नेतोय.

"दखा ना जाहिदभाऊ. घरमाईन निंघताना जास म्हने! असं म्हनस का कोनी?"

"घाईमा निंघी गयं व्हई तोंडमाईन, भाभी. मी म्हनस ना. येस."

"तुमनं येस तुमना घरले," असं म्हणून त्या आत गेल्या.

आमच्या खानदेशात 'येस' म्हणजे मी येतो, आणि 'जास' म्हणजे मी जातो. घर सोडताना माणूस येस म्हणतो. त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही. मी कोपऱ्यावर पान खायला निघालो तरी बायकोला, अस्माला, येस म्हणूनच चप्पल घालतो. त्यामुळे त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो तो तिथेच, तळोद्याच्या गल्लीत, चढ लागायच्या कितीतरी आधी.

मी मुळात भित्रा. खोटं कशाला बोलू? गाद्या भरायचा धंदा, बापाचाही तोच. सगळं आयुष्य कापसात गेलं. अशा माणसाने पन्नाशीला टेकल्यावर गिअरची सायकल घेऊन सातपुड्यात जायचं म्हणजे आ बैल मुझे मार! पण नवल माझा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणाला चल, की मी आधी शिव्या देतो आणि मग जातो.

नवल एसटीत कंडक्टर होता. धडगावची गाडी त्याचीच. चांदसैलीच्या घाटातून रोज वर, रोज खाली, पण सगळं बसच्या आत, कोंबड्यांच्या टोपल्या आणि पोत्यांच्या मधे उभं राहून तिकिटं फाडत. "जाहिद्या, हाऊ घाट मी आखी जिंदगी दखा, पन खिडकीमाईन दखा," असं तो म्हणायचा. "एक डाव मोकया हवामा उतरनं शे माले." नोकरीतून सुटायला थोडेच महिने उरले होते. घाटाच्या माथ्यावरून पाड्यातले लोक जी आडवी पायवाट धरून खाली उतरतात, ती त्याला उतारूंनीच सांगितली होती.

तिसरा हेमकांत. हायस्कूलात चित्रकला शिकवतो. सायकलींचा किडा आम्हा दोघांना त्यानेच लावला. नवलने आपल्या नव्या सायकलला जुन्या सायकलची घंटी बसवली, तेव्हा हेमकांत पोट धरून हसला होता. "डोंगरमा घंटी कोनले वाजाडशी? माकडले?"

"कंडक्टर घंटीबिगर गाडी सोडस का?" नवल म्हणाला होता.

डांबरी घाट आम्ही ढकलत, धापा टाकत चढलो. चढाचं काही विशेष नाही, दम लागतो इतकंच. खरी भीती उतारावर असते. पायवाट जेमतेम सायकलीच्या चाकाएवढी, डावीकडे कपार, उजवीकडे दरी. त्यात माघ महिना, सागाची पानगळ. ताटाएवढी वाळकी पानं वाटेवर पसरलेली आणि त्यांच्याखाली सुटे गोटे. चाक पानावर गेलं की खाली काय आहे ते कळेपर्यंत आपण आडवे. मी पहिल्याच वळणावर उतरलो आणि सायकल हातात धरून चालू लागलो.

"नवल्या, उतरी जाय! पायी चाल!" मी ओरडलो.

"तू ये मांगेमांगे, गादीवाला!" पुढून आवाज आला.

हेमकांत माझ्या पुढे, नवल त्याच्याही पुढे. दोन वळणं तो दिसला. पाठ ताठ, कोपरं बाहेर, पोराच्या तोऱ्यात. तिसऱ्या वळणाआड गेला. पानांचा मोठा सळसळाट झाला, एक धप्प आवाज झाला, आणि मग काहीच नाही.

"नवल!"

हेमकांत सायकल टाकून पळाला. मी बसल्या बसल्या घसरत वळणापर्यंत गेलो. वाट रिकामी होती. खाली करवंदीची दाट जाळी, आणि त्यात माणूस दिसेना. सकाळचा तो शब्द कानात वाजू लागला. जास. जास.

तेवढ्यात खालून एकच घंटी वाजली. टण.

एसटीत बसलेल्या कुणालाही कळेल. दोन घंट्या म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. कंडक्टर खाली होता आणि आम्हाला थांबा म्हणत होता. मी रडायलाच लागलो, आनंदाने.

आम्ही मुळ्या धरत उतरलो. नवल एका सागाच्या बुंध्याला टेकून बसला होता, सायकल त्याच्या मांडीवर. गुडघा सोललेला, गालावर करवंदीचे ओरखडे. बाकी रक्त कुठेच नाही. तो हसत होता.

"हँडलनं टोक घुसनं पोटमा," म्हणाला. "बाकी बॉडी ओके शे."

त्याने सदरा वर केला. डाव्या बरगडीखाली रुपयाएवढा गोल लाल डाग. हेमकांतने सुटकेचा श्वास सोडला. "काहीच नही हुयनं यार! जीव काढी टाका व्हता तू." मलाही बरं वाटलं. मग आम्ही त्याला उठवलं. तो उभा राहिला, एक पाऊल टाकलं, आणि त्याचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. मी धरला नसता तर परत खाली गेला असता.

"बठाडी दे," तो म्हणाला. "डोया समोर अंधारा उना."

मोबाईलला रेंज नव्हती. त्या डोंगरात असती तरच नवल, असं एरवी नवलच म्हणाला असता. कुणीतरी पाड्यावर जाऊन माणसं आणायची होती आणि पुढे रेंज सापडेपर्यंत जायचं होतं. सायकल चालवणारा खरा गडी हेमकांतच. त्याने पाण्याची बाटली ठेवली आणि वर चढायला लागला.

"जास मी, लगेच..."

"येस म्हन!" मी असा खेकसलो की वरच्या फांदीवरचं वानर हललं. हेमकांत दचकला. "येस, येस," म्हणत दिसेनासा झाला.

नवल हसायला गेला आणि पोट धरून वाकला.

मग आम्ही दोघंच. ती वेळ मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. सागाचं रान भर दुपारी इतकं शांत असतं की पान पडलं तरी माणूस आल्यासारखं वाटतं. दर पानाला मी मान वळवायचो आणि कोणीच नसायचं. नवलला पाणी हवं होतं, सारखं पाणी. त्याचा हात हातात घेतला तर गार, आणि घाम. उन्हात गार घाम! पोटाला हात लावला तर पोट लाकडासारखं कडक लागलं. मी डॉक्टर नाही, पण गादी भरणाऱ्याच्या बोटांना आत काय दाटलंय ते कळतं, आणि मला कळायला नको होतं. मी पुटपुटत आयतुल कुर्सी, संकटात वाचतात ती कुराणातली आयत, सुरू केली.

"मन्हा नावनं बी वाच," नवल डोळे मिटून म्हणाला.

"तुन्हाच नावनं वाची ऱ्हायनू, भाडखाऊ. झोपू नको. बोलत ऱ्हाय."

"काय बोलू?"

"येस म्हन. सकाये म्हनं नही तू. आते म्हन."

त्याने डोळे उघडले. "मी कठे चालनू? आठेच तर बठेल शे. जावाना वखतले म्हनतस ना ते."

"म्हन ना, तुन्हा बापनं काय जास?"

"धनूले म्हनसू," तो म्हणाला. "घर गया की तिलेच म्हनसू. सकाये चुकी गयं यार. मांगे फिरनार व्हतू, पन तुम्ही हसशात म्हनीसन नही फिरनू."

मी तोंड फिरवलं. एवढ्याशा गोष्टीची त्यालाही दिवसभर टोचणी होती, हे मला ठाऊक नव्हतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा वरून हाका आल्या. हेमकांतने पाड्यावरून चार माणसं पाठवली होती आणि तो स्वतः फोनसाठी पुढे गेला होता. पुढचा माणूस, भीमसिंग, जाळीतून उतरला, नवलकडे पाहिलं आणि मटकन खाली बसला.

"हे तर आपला मास्तर!"

एसटीच्या कंडक्टरला तिकडे मास्तरच म्हणतात. मग तो आपल्या लोकांशी त्यांच्या बोलीत भराभर बोलला. त्यातलं मला काही कळलं नाही, पण त्यानंतर त्यांचे हात दुप्पट वेगाने चालू लागले. बांबू तोडला, घोंगडीची झोळी बांधली, नवलला अंड्यासारखं उचलून तीत घातलं. "आमची बाई अडली होती," भीमसिंग मला मोडक्या मराठीत म्हणाला. "मास्तरनी गाडी थांबवली. स्टॉप नाही, तरी थांबवली."

बांबू खांद्यावर चढला. झोळीतून नवलचा आवाज आला, अगदी बारीक.

"टण टण."

माणसं हसली आणि चालू लागली. सायकल तिथेच राहिली.

रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी होती. नंदुरबारला पोचेपर्यंत मी त्याच्या तोंडाशी कान लावून होतो. श्वास येत होता. दवाखान्यात त्याला ढकलगाडीवर घालून आत नेऊ लागले. मी म्हणणार होतो, नवल्या, आते म्हन, आते तू जाई ऱ्हायना. पण मला तो शब्द उच्चारायचीच भीती वाटली. दार बंद झालं. हेमकांत रक्त द्यायला गेला आणि मी बाकड्यावर एकटा बसलो.

डॉक्टरीण बाहेर आली ती लेकीच्या वयाची. बोलण्यावरून कोल्हापूरकडची वाटली. तिने मास्क काढला आणि मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आतल्या आत खूप रक्त गेलं होतं. आम्ही उघडलं, पण..." तिने मास्क खिशात घातला. "त्रास फार झाला नाही त्यांना. भूल देईपर्यंत शुद्धीवर होते. मी विचारलं, 'काका, माझं ऐकू येतंय का?' तर म्हणाले, 'येस'. परत विचारलं, तर परत 'येस'. अगदी स्पष्ट."

पोरीला वाटलं होतं, काका इंग्रजीत हो म्हणाले. मी तिला काही सांगितलं नाही. तिने आपलं काम केलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून ओक्साबोक्शी रडलो.

धनुबाई जीपने आल्या तेव्हा जिन्यातच त्यांना सगळं कळलं. मी पुढे झालो.

"काही बोलनात का?" त्यांनी विचारलं.

"येस म्हनना, भाभी. आत जाताना. दोन डाव."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि म्हणाल्या, "म्हनना ना? बस."

दुसऱ्या दिवशी सगळं उरकल्यावर माणसं नवलच्या घरून उठू लागली. मयताच्या घरातून निघताना कोणी येस म्हणत नाही, जास तर नाहीच. गुपचूप उठायचं, चप्पल शोधायची, चालू लागायचं. अशा घरी परत येणं होऊ नये म्हणून. डेपोतले लोक गेले, नातेवाईक गेले, भीमसिंग आला होता तोही गेला. मीही खाली मान घालून फाटकापर्यंत पोचलो.

"जाहिदभाऊ."

धनुबाई ओट्यावर उभ्या होत्या, कालच्याच जागी.

"काही म्हनं नही तुम्ही."

"आज म्हनतस नही ना, भाभी. असा घरमाईन."

"माले ठाऊक शे," त्या म्हणाल्या. "तरी म्हना."

गल्लीतली माणसं थांबून बघत होती.

"येस, भाभी."

"हां," त्या म्हणाल्या. "परत याज्यात."

मग त्या आत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही.