दुपारची वही

देव सगळ्यांना दिवसाचे चोवीस तास देतो म्हणतात. एस्तेर त्रिभुवनच्या वाट्याला त्यातला दीडच तास आला होता, दुपारी अडीच ते चार. बाकीचे तास शाळेतल्या नोकरीनं, नवऱ्याच्या डब्यानं, लेकीच्या क्लासनं आणि चर्चच्या भगिनी मंडळानं आपसांत वाटून घेतलेले. बरं, हा दीड तासही तिचा एकटीचा नव्हताच. कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाई खाटेला खिळल्या होत्या आणि दुपारी त्यांचे पाय चोळून द्यावे लागत.

पण एस्तेर काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. पाय चोळून झाले की ती हात धुवायची, खाटेजवळ स्टूल ओढायची आणि वही उघडून म्हणायची, "हं आई, सांगा." मग मार्थाबाई आपल्या आजीची, चंद्रभागेची, गोष्ट सांगायच्या. ही चंद्रभागा छप्पनच्या, म्हणजे इसवी एकोणीसशेच्या सुमाराच्या, दुष्काळात नाशिकच्या मिशनच्या आसऱ्याला आली, ख्रिस्ती झाली आणि पुढे बायबलबाई झाली. म्हणजे गावोगाव पायी फिरून बायकांना बायबल, त्यांच्या भाषेत शास्त्र, वाचून दाखवणारी. देवळ्याला तिच्यावर दगड पडले. मालेगावात एका विणकराच्या बायकोचं तिनं बाळंतपण केलं. आणि सत्तराव्या वर्षी येवल्याच्या वाटेवर, काखेत शास्त्र धरून, ती गेली. "मी तिच्या मांडीवर खेळलेली हाय," असं मार्थाबाई प्रत्येक वेळी सांगायच्या.

गंमत अशी की एस्तेर वही मिटायला लागली की त्यांना हटकून काहीतरी नवं आठवायचं. "थांब थांब, येक राहिलंच बघ." सहा वर्षांत अशा चौदा वह्या भरल्या. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. एस्तेरलाही तसंच वाटायचं. सासूची सेवा होत होती, या वह्यांतून तिची कादंबरीही होत होती. एका दगडात दोन पक्षी. फक्त तिची लेक वेदिका एकदा बोलून गेली होती, "मम्मी, आजीला जेवढं विचारतेस तेवढं मला कधी विचारलंस का?" एस्तेरनं ते हसण्यावारी नेलं.

इतिहास लिहायचा तर कागद बघायला हवा, एवढं तिला कळत होतं. चर्चची जुनी रजिस्टरं ऑफिसातल्या कपाटात होती. पण ऑफिस उघडं दहा ते एक आणि तिची शाळा साडेसात ते दीड. रजा काढावी तर रजा दवाखान्यात आणि वेदिकाच्या परीक्षांत संपायच्या, सुट्टीतल्या सकाळी फराळात आणि पाहुण्यांत. पुढं पुढं तिनं नादच सोडला. "जिवंत रजिस्टर घरातच आहे. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?" असं ती चारचौघांत सांगायची. प्रकाशकानं हे सगळं खरं का असं विचारलं तेव्हा तिनंच हट्टानं मुखपृष्ठावर घालून घेतलं, 'एका सत्य जीवनकथेवर आधारित'.

प्रकाशन ठरलं दिवाळीच्या सुट्टीत, रविवारच्या उपासनेनंतर. नवरा शेखर सहा वर्षं विचारत होता, "अगं, हे लिहून मिळणार काय?" त्यानंच आता पत्रिका सगळ्या नातेवाइकांना धाडली, 'माझ्या पणजीवर कादंबरी'. चर्चच्या पाळकसाहेबांनी निरोप दिला, "ताई, रजिस्टरातलं चंद्रभागाबाईंच्या नोंदीचं पान काढा. फ्रेम करून पुस्तकाशेजारी ठेवू." सहा वर्षांत पहिल्यांदा एस्तेरला एक सकाळ मोकळी मिळाली होती. गुरुवारी ती आनंदानं ऑफिसात गेली.

दफनाच्या रजिस्टरात नोंद होती. झरझर अक्षरात, मोडक्या मराठीत कोणा साहेबानं लिहिली असावी. 'चंद्रभागा. विधवा. वय अजमासे तीस. धंदा: बोर्डिंगात स्वयंपाक. मेल्याचे कारण: प्लेग. मागे मुलगी सोना, वय सहा, बोर्डिंगात.' साल एकोणीसशे अकरा. सोना म्हणजे मार्थाबाईंची आई. दुसरी चंद्रभागा असेल म्हणून एस्तेरनं पुढची सगळी पानं चाळली, नोकरांच्या यादीचं रजिस्टरही काढायला लावलं. बायबलबायांची नावं त्यात होती, नऊ. चंद्रभागा त्यात नव्हती. भाकऱ्या थापणाऱ्यांत होती.

"सापडलं का ताई?" पाळकसाहेबांनी आत डोकावून विचारलं.

"पान फाटलंय," एस्तेर म्हणाली. पन्नास वर्षांच्या आयुष्यात पाळकाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही एका कादंबरीतल्या बाईसाठी.

घरी आली ती चप्पल न काढता थेट सासूच्या खोलीत. राग तिच्या नाकापर्यंत आला होता. "आई, तुमचा जन्म अडतीसचा. चंद्रभागा अकरा साली प्लेगनं मेली. मांडीवर कुठल्या खेळलात?"

मार्थाबाईंनी चादरीची कड सारखी केली. घाबरल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. "गेलीस व्हय कपाटाशी? आता गेलीस?"

"सहा वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोलत होता!"

"पहिल्या दिशी खरंच सांगितलं व्हतं," मार्थाबाई म्हणाल्या. "माझी आजी बोर्डिंगात भाकऱ्या थापायची, म्हणले. तू म्हणलीस, 'बरं, आणि?' अन् पेनाला टोपण लावलंस. मंग म्या म्हणले, येकदा ती शास्त्र घेऊन गावाला गेली. तसं तुझं टोपण निघालं."

"म्हणून अख्खा जन्म रचलात तिचा?"

"तू वही घ्यायच्या आधी सहा महिने काय व्हतं, आठव. पाय चोळायची अन् दार ओढून घ्यायची. भिंतीकडं बघून बघून माझं डोकं फिरायची पाळी आली व्हती. भाकऱ्यांच्या बाईचं कोण बसून ऐकतं? तू रोज थापतीस, तुझं कोण ऐकतं, सांग बरं?"

"माझं पुस्तक खोटं पडलं, आई. सहा वर्षं गेली माझी."

"माझ्या बी दुपारी गेल्या की. पुस्तक छापायला दिलंस तवापासून चार महिन्यांत किती येळा स्टूल वढलंस?"

एस्तेर खोलीबाहेर गेली. तिनं माळ्यावरून पहिली वही काढली. पहिल्याच पानावर, तिच्याच अक्षरात, ती ओळ होती. 'आजी: बोर्डिंगात स्वयंपाक.' आणि त्यावर तिनंच मारलेली काट. तिला सासूचा संताप आला आणि स्वतःची शरम वाटली. दोन्हींत शरम जास्त होती, म्हणून ती सासूवर जास्त चिडली.

संध्याकाळी तिनं शेखरला सगळं सांगितलं. तो शांतपणे चहा पीत होता. "अगं, कोण जातंय रजिस्टर बघायला? पत्रिका वाटून झाल्या. कादंबरीच आहे ना ती?"

"मुखपृष्ठावर सत्य लिहिलंय, अहो."

"मग आता काय पाचशे मुखपृष्ठं खरवडणार? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेतेस?" आणि त्यानं बिस्किटाचा पुडा पुढं केला. एस्तेरला वाटलं होतं, हा आपल्याला अडवेल आणि आपण हट्टानं खरं सांगू. पण तिच्यात तसला हट्ट उरलाच नव्हता. तिनं एक बिस्किट घेतलं.

रविवारी चर्च भरलं होतं. भगिनी मंडळानं चिवडा केला होता. पाळकसाहेब म्हणाले, अशा साक्षीदार स्त्रियांच्या रक्ताघामावर ही ख्रिस्ती मंडळी उभी आहे. एस्तेरला शाल मिळाली. चाकांच्या खुर्चीतल्या मार्थाबाईंना पुष्पगुच्छ मिळाला, आणि कोणीतरी उत्साहानं माईक त्यांच्या तोंडाशी धरला. "आजी, दोन शब्द!"

 मार्थाबाईंनी सुनेकडं पाहिलं, मग भरलेल्या चर्चकडं. आणि आवाज थरथरवत त्यांनी सांगितलं की एकदा गोदावरीला पूर आला असताना चंद्रभागा लेकीला खांद्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून पलीकडं गेली, कारण पलीकडं एक बाई मरताना शास्त्र मागत होती. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मागून कोणीतरी 'आमेन' म्हणालं. हे पुस्तकात नव्हतं. एस्तेरचा हात पर्समध्ये गेला आणि पेन बोटांत आलं, तेव्हा तिला कळलं आपण काय करतोय. ती ओठ चावून टाळ्या वाजवत राहिली.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पहिल्याच दुपारी अडीच वाजता एस्तेरनं सासूचे पाय चोळले, हात धुतले आणि दाराशी घुटमळली. वहीशिवाय त्या खोलीत बसायचं कसं, हे तिला खरंच ठाऊक नव्हतं. शेवटी ती नवी कोरी वही घेऊन आली. तिनं स्टूल ओढलं. म्हातारीचा चेहरा एकदम उजळला.

"आई, आज खरं सांगा," एस्तेर म्हणाली. "भाकऱ्यांचं सांगा. तेच लिहिते आता."

मार्थाबाईंनी डोळे मिटले. खरोखर आठवत होत्या. "माझी आई सहा वर्षांची व्हती गं ती गेली तवा. आईला येवढंच आठवायचं, तिच्या हाताला बाजरीच्या पिठाचा वास यायचा."

एस्तेरनं ते लिहून घेतलं. "आणि?"

"आणि काय? येवढंच."

 एस्तेर त्या एका ओळीकडं बघत बसली. मार्थाबाई तिच्या हाताकडं बघत होत्या. मग एस्तेरनं पेनाला टोपण लावलं.

"थांब, थांब," मार्थाबाई घाईनं म्हणाल्या. "येक राहिलंच बघ. येकदा ती शास्त्र घेऊन सटाण्याला चालली व्हती…"

"चहा टाकते आई," एस्तेर म्हणाली आणि उठली. चार वाजायला अजून तासभर होता.