मोडलेल्या कॅमशाफ्टची साक्ष

मी कॅमशाफ्ट बोलतोय. खरं तर अर्धाच बोलतोय. उरलेला अर्धा शेजारी फडक्यावर पडलाय. मी इंजिनाच्या डोक्यात राहतो, म्हणून मला फारसं कुणी ओळखत नाही. माझ्या अंगावर उंचवटे आहेत. मी फिरलो की ते एकेक झडप दाबतात आणि इंजिन श्वास घेतं. काम एवढंच, पण त्यात क्षणाची उसंत नाही.

कारखान्यातून निघालो तो या गॅरेजात आलो. इथे एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण. दादा एका जुन्या गाडीचं इंजिन शर्यतीसाठी नव्याने बांधत होता आणि गाडी चालवणार होती धाकटी. दादाचा हात चांगला, पण चकचकीतपणाचं भारी वेड! मला जागेवर धरून ठेवणाऱ्या टोप्यासुद्धा त्याने घासूनपुसून लख्ख केल्या. अहो, त्या टोप्यांवर आकडे कोरलेले असतात. प्रत्येकीची जागा ठरलेली. घासता घासता आकडे पार गेले. "दिसतात तर सारख्याच," म्हणत त्याने त्या अंदाजाने बसवल्या आणि दोन टोप्यांची अदलाबदल झाली. हाताने फिरवून बघताना मी अडखळलो, तर म्हणतो कसा, "नवीन आहे, होईल मोकळा."

मोकळा कसला होतोय! दर फेरीला मी किंचित वाकत होतो. शेवटी अंगात बारीक चीर पडली आणि ती वाढतच गेली.

शर्यतीत मी मोडलो, तेव्हा गाडी धाकटीच्या हातात होती. दादा सगळ्यांसमोर खेकसला, "गिअर चुकलीस! वाट लावलीस इंजिनाची!" तिने मान खाली घातली. पुढे कुणी विचारलं की तीच सांगायची, "माझ्यामुळे मोडलं." स्टिअरिंगला तिने पुन्हा हात लावला नाही. मला फार वाईट वाटायचं.

आज दुपारी दादाने इंजिन उघडलं. माझे तुकडे दारातल्या उन्हात धरले. एका झटक्यात मोडलेलं लोखंड सगळीकडे सारखंच खरबरीत चमकतं. माझा मोडलेला भाग मात्र अर्ध्याहून जास्त काळपट आणि गुळगुळीत होता. म्हणजे चीर कितीतरी जुनी. मग त्याने टोप्या उलटून बघितल्या. दोन टोप्या एकाच कडेला खरवडल्या होत्या. गॅरेजात दुसरं कुणी नव्हतं. त्याने मला गुपचूप भंगारात टाकलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. माझा जीव टांगणीला लागला.

त्याने धाकटीला हाक मारली.

"हे बघ, चीर जुनी आहे. टोप्या मी चुकीच्या बसवल्या. तू काहीच केलं नव्हतंस."

तिने माझा एक तुकडा उचलून काळपट भागावरून बोट फिरवलं. "पण दादा, मला तर आठवतंय," ती म्हणाली. "गिअर चुकल्याचं. हाताला हिसका बसल्याचं. सगळं आठवतंय मला."

"ते मी बोललो गं. म्हणून आठवतंय."

दादाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याने ते पुसलंही नाही.

माझं काय, मी भट्टीत जाईन, वितळेन, पुन्हा काहीतरी होईन. माणसाचं तसं नसतं. म्हणून जाता जाता हात जोडून सांगतो, काही मोडलं तर आधी ते उजेडात नेऊन बघा आणि मगच तोंड उघडा. "इंजिन नव्याने बांधतो, चालवायचं तूच," म्हणत दादा अजून गाडीची किल्ली तिच्यापुढे धरून उभा आहे. आणि ती दोन्ही हात पाठीमागे घेऊन म्हणतेय, "नको दादा. मी पुन्हा चुकेन."