वरचा सूर

चौथ्यांदा यांच्या डोळ्यांचा दाब चौदाच आला आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोर मीच.

"दाब छान आहे. पण डाव्या डोळ्याची नजर सहा महिन्यांत आणखी आक्रसलीय, आता उजव्यातही सुरुवात झालीय," त्या म्हणाल्या. "काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. थेंब चुकतात का? की फक्त इथे यायच्या आधी घालता?"

माझं डोकंच फिरलं. "सकाळ-संध्याकाळ मी स्वतः घालते, बाई! मान धरून! नखरे शंभर करतात, पण एक थेंब चुकलेला नाही."

आमचे हे म्हणजे बावीस वर्षं शहराच्या बँडमध्ये पहिलं ट्रम्पेट वाजवणारा माणूस, पण दवाखान्यात तोंड उघडेल तर शपथ. सरावाहून थेट आले होते, मांडीवर वाद्याची पेटी. तिला मी हात लावलेला यांना कधी खपलेला नाही. पुसायचं फडकंसुद्धा वेगळं.

"या पेटीत काय आहे?" नर्सने विचारलं.

उत्तर मीच दिलं. ते ऐकून बाई ताठ बसल्या. "फुंकताना दाब चढत असेल. थांबलं की लगेच उतरतो, म्हणून इथे सापडत नाही. वाजवा बरं, वाजवतानाच मोजू."

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चादरी ठेवायच्या खोलीत दार लावून घेतलं. नर्सने हातातलं छोटं यंत्र डाव्या डोळ्यासमोर धरलं. यांनी वाजवलं, संथ आणि गोड.

"सतरा," नर्स म्हणाली.

"मग कारण दुसरंच असणार," म्हणत बाई उठल्या.

बावीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतेय मी या माणसाला. हे यांचं वाजवणं नव्हतंच, हे अंग चोरणं होतं. रोज सकाळी तासभर जो वरचा सूर घोटतात, जो लावताना गळ्याच्या शिरा दोरीएवढ्या फुगतात, तो यांनी शिताफीने गाळला होता. मी गप्प राहिले असते तर ट्रम्पेट वाचलं असतं.

"अहो," मी म्हणाले, "वरचा सूर लावा."

"तू गप्प बस ना गं." विनवणीच होती ती. आयुष्यात कधी त्यांनी मला विनवलं नव्हतं.

मला रडू आलं, तरी मी हटले नाही. "लावा म्हणते ना."

त्यांनी लावला. कपाटाच्या काचा थरथरल्या. इतका सुंदर लागला की मला वाटलं, ते यंत्रच बिघडलेलं असू दे.

"अडतीस," नर्स म्हणाली.

त्यांनी ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं, पेटी डाव्या हातात घेतली आणि निघाले. दाराच्या चौकटीवर ती धाडकन आपटली. चौकट त्यांना दिसलीच नव्हती. ते तिथेच थांबले, आणि मागे न बघता पेटी माझ्यापुढे केली.